पद्मिनीची नस ओळखणारे सातपूरचे गॅरेज

निवृत्तीनंतर ज्यांनी आपली जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेने जपली आहे, त्यांनी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीलगतचे हे छोटे गॅरेज अवश्य गाठावे. माझ्या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन तापले की बंद पडत असे. अन्यत्र थेट नवा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला मिळाला होता, येथील मिस्त्रींनी मात्र आधी प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून त्यातले काळवंडलेले सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्कबिंदू) मला दाखवले, ते बदलून फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्टीने, त्यांतली फट जुळवली आणि पॉइंट जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सरही नवा टाकला. निदानाची ही शिस्त आता दुर्मीळ झाली आहे. स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या दांड्याचा खुळखुळाटही त्यांनी बुश बदलून घालवला. मजुरी वाजवी असून काढलेले भाग परत देतात. दुपारी गॅरेज बंद असते, त्यामुळे सकाळीच जावे.