फ्रीजरमधला कोबी: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

संक्रांतीनंतरच्या रविवारी मामेभाऊ सिन्नरहून आला तो गाडीच्या डिकीत कोबीचे १४ गड्डे घालून. बाजारात किलोला दोन रुपये मिळायची मारामार, तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं उलट अंगावर येतंय, म्हणून त्याने उभ्या वावरात मेंढ्या घातल्या होत्या. "ताई, मेंढ्या सोडायच्या आधी तुझ्यासाठी बघून बघून काढलेत," म्हणाला. सव्वा-सव्वा किलोचे, घट्ट, दाबले तरी न दबणारे गड्डे. त्यातला एकही वाया घालवायची माझी छाती नव्हती. चार शेजारी दिले, दोन ताजे संपवायला ठेवले आणि आठ गोठवायचे ठरवले. पुढे फेब्रुवारीत मंडईत दहा रुपयाला गड्डा होता तेव्हा आणखी सहा आणले. आता ऑक्टोबर लागलाय. एवढ्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी हा कोबी आमच्या ताटात आलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण हे कळायला मला दोन महिने लागले. गोठवलेला कोबी म्हणजे जपून ठेवलेला ताजा कोबी नाही. ती वेगळी भाजी आहे. कोबीत शंभरातले ९० हून जास्त भाग पाणीच असतं. त्या पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, बर्फाचे खडे पानाच्या पेशी फाडतात, आणि बर्फ सुटला की पान लोळागोळा होतं. कुरकुरीतपणा जातो तो जातोच, कुठल्याही युक्तीने परत येत नाही. एकदा हे मान्य केलं, की कोबी चिरून मीठ लावून, अर्धा तास ठेवून, घट्ट पिळून जे काम आपण करतो ते फ्रीजर आपल्यासाठी करून ठेवतो, हे लक्षात येतं. पराठे, वड्या, मुटके, थालीपीठ, जिथे जिथे कोबी पिळून घ्यावा लागतो, तिथे हा कोबी ताज्यापेक्षा सरस आहे. हे मी विचार करून लिहितेय.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम तीन प्रकारे ठेवून बघितला. एक गड्डा नुसता चिरून पिशवीत भरला. दोन गड्डे बाहेरची पानं काढून अख्खेच्या अख्खे ठेवले. बाकीचे पाच उकळत्या पाण्यातून काढून, म्हणजे ब्लांच करून.

नुसता चिरलेला पहिला महिना ठीक होता. मार्चमध्ये उघडला तेव्हा रंग पिवळट झाला होता आणि वाळल्या गवतासारखा वास येत होता. खराब नव्हता, पण भाजीला चव उतरेना. थंडीत कोबीचं काम मंदावतं, थांबत नाही. त्याच्या आतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, गोठल्यावरही हळूहळू रंग आणि चव बदलत राहतात, आणि ती बंद पाडायला उकळतं पाणीच लागतं. महिनाभरात संपवणार असाल तर तसाच ठेवा, त्यापुढे नको.

ब्लांच केलेला मात्र जुलैत काढला तरी हिरवट-पांढरा होता. माझी पद्धत आता अशी बसली आहे. गड्ड्याचे चार भाग करून अर्धा तास मिठाच्या गार पाण्यात बुडवून ठेवते, म्हणजे अळी असली तर वर येते. मग देठाचा गाभा काढून बोटभर रुंद चिरते. बारीक चिरू नका, बारीक कोबीचा नंतर लगदा होतो. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळलं की दोन मूठ कोबी स्टीलच्या चाळणीत घालून दीड मिनिट बुडवायचा. मोठ्या फोडी असतील तर तीन मिनिटं. घड्याळ लावूनच, अंदाजाने नाही. लगेच बर्फाच्या पाण्यात. दीड मिनिट उकळत्यात, तर निदान तेवढंच गारात. मग चाळणीत निथळून, पंच्यावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून कोरडा करायचा. इथे आळस केला तर पुढे प्रत्येक भाजीत तो भोवतो.

आणि थेट पिशवीत भरू नका. मी आधी ताटात पातळ पसरून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवते, मग पिशवीत भरते. थर पातळ असला की लवकर गोठतो, आणि लवकर गोठला की बर्फाचे खडे बारीक राहतात, पान कमी फाटतं. शिवाय कोबी सुटा राहतो, हवा तेवढा मूठभर काढता येतो. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मी चार गड्ड्यांचा कोबी एकदम फ्रीजरमध्ये कोंबला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मधल्या पिशव्या नुसत्या गारच होत्या. माझा फ्रीजर ६० लिटरचा आहे. त्यात दिवसाला दोन-अडीच किलोच्या वर ताजा माल घालू नये, हे तेव्हा शिकले. सिंगल डोअर फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा असेल तर महिनोन्महिने ठेवायच्या भानगडीत पडू नका. तिथे सहसा उणे १८ अंश राहत नाही.

आता रोजची भाजी. मी सुरुवातीला पिशवी रात्रभर खाली काढून ठेवायचे आणि सकाळी भाजीला घ्यायचे. भाजी व्हायची, पण पाणचट, पानं लिबलिबीत, आणि झाकण ठेवून शिजवली की डब्यात नकोसा उग्र वास. कोबी जास्त शिजला की त्यातल्या गंधकामुळे हा वास सुटतो, आणि हा कोबी तर निम्मा शिजलेलाच असतो. एप्रिलपासून मी उलट केलं. भाजीला कोबी कधीही सोडवून घ्यायचा नाही, फ्रीजरमधून थेट कढईत. चणाडाळ दोन तास भिजवलेली असतेच, ती आधी पूर्ण मऊ शिजवून घेते, कारण कोबीबरोबर शिजायला तिला आता वेळच मिळत नाही. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची. मग डाळ. डाळ परतल्यावर, आच मोठी करून, कोबी. फोडणीच्या तेलात सरळ घालू नका, बर्फाचा कण तेलात पडला की तेल हातावर उडतं. माझ्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर परतायचं, झाकण अजिबात ठेवायचं नाही. मीठ अगदी शेवटी आणि नेहमीच्या निम्मं. ताजा कोबी कढईभर दिसतो आणि मुठीएवढा होतो, त्या हिशेबाने हात सवयीने मीठ टाकतो. हा कोबी आधीच बसलेला असतो. दोन वेळा माझी भाजी खारट झाली ती एवढ्यासाठी.

अशी केलेली भाजी ताज्या कोबीच्या भाजीसारखी लागते का? नाही. गोडवा थोडा कमी, दाताखाली कचकच नाही. पण आमच्याकडे बाबा आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, वय ७८, खालची कवळी सैल. कोबीची भाजी त्यांची आवडती, आणि गेली दोन वर्षं ते पानात घेऊन बाजूला सारत होते. मी दुखवायला नको म्हणून विचारत नव्हते आणि ते मला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. मे महिन्यात एका दुपारी त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली. "हा कुठला कोबी गं? मऊ आहे. आई करायची तसा," म्हणाले. आई कोबी मंद आचेवर पाऊण तास शिजवायची. माझा पाच मिनिटांत झाला होता. त्या दिवसापासून मी हा कोबी गरज म्हणून नाही, मुद्दाम करते.

वड्यांना मात्र कोबी पूर्ण सोडवून घ्यायचा. रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, ओट्यावर नाही. सकाळी चाळणीत काढून दोन्ही हातांनी पिळायचा. अर्धा किलो कोबीतून माझ्याकडे वाटीभर पाणी निघतं. ते ओतून देऊ नका, त्यात चवही असते आणि जीवनसत्त्वही. मी त्याच पाण्यात कणीक भिजवते. पिळलेला कोबी तीन वाट्या असेल तर बेसन एक वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे, तीळ, ओवा, आलं-मिरची, चिमूटभर साखर. पाण्याचा थेंब नको. वळकट्या करून मोदकपात्रात २० मिनिटं वाफवायच्या, गार झाल्यावर कापून तव्यावर. ताज्या कोबीच्या वड्या कापताना कडा सुटतात, चुरा पडतो. या वड्या धारदार कडेच्या निघतात, कारण पान पिठाशी एकजीव होतं. पराठ्याचंही तसंच. सारण ओलं सुटून पराठा फाटणं, हे माझ्या आयुष्यातून गेलं.

आणि अख्खा गोठवलेला गड्डा! पोलंड, रुमानिया आणि त्या आजूबाजूच्या देशांत कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून शिजवतात, आणि पानं न फाटता सुटावीत म्हणून गड्डा अख्खा गोठवून मग सोडवायची रीत तिकडच्या घरांत आहे. मला खिमा करायचा नव्हता, पण पान वळतं हे वाचल्यावर डोक्यात अळूवडी आली. जूनमध्ये गड्डा परातीत ठेवून फ्रिजमध्ये सोडवायला ठेवला, पूर्ण सुटायला दीड दिवस लागला. मग बुडाचा गाभा सुरीने कोरला आणि वरचं पान धरून ओढलं, तर ते धुतलेल्या रुमालासारखं अलगद सुटून हातात आलं. अखंड, अर्धपारदर्शक, शिरा तेवढ्या पांढऱ्या उठून दिसणाऱ्या. मधली जाड शीर सुरी आडवी धरून तासली, पान पालथं घातलं, चिंच-गूळ-बेसनाचं अळूवडीचंच सारण पातळ लावलं, वर दुसरं पान, पुन्हा सारण, चार पानांची घट्ट वळकटी. एकाही ठिकाणी पान मोडलं नाही. ताजं पान असतं तर पहिल्याच वळणाला कटकन तुटलं असतं. वाफवून, कापून, थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल केल्या. कापल्यावर अळूसारखीच गोल गोल चक्रं दिसतात, घसा खाजवायची भीती नाही. चव अळूची नाही, सौम्य आणि किंचित गोड आहे, पण मुलीने डब्यात आठ नेल्या आणि डबा रिकामा आणला. एका गड्ड्यातून वळायला जोगी १२-१३ पानं निघाली. आतली लहान पानं चिरून थालीपिठात गेली.

जे जमलं नाही तेही सांगते. कोशिंबीर, पचडी अजिबात नाही. मी दोनदा करून बघितली; दही घालताच पाणी सुटतं आणि ओल्या कागदाचे तुकडे चघळल्यासारखं लागतं. नूडल्स आणि फ्राइड राइसमध्येही नको, तिथे कोबी कुरकुरीतपणासाठीच असतो. मंचुरियनचे गोळे मात्र छान होतात, पावभाजीत तर कुणाला कळतही नाही.

अडचणी दोन आल्या. ऑनलाईन मागवलेल्या स्वस्त झिपच्या पिशव्यांची शिवण थंडीत उलायची, आणि पंधरा दिवसांत बर्फाच्या ट्रेला कोबीचा वास. जाड पिशव्या घेतल्या, हवा पूर्ण दाबून काढली, तेव्हा थांबलं. दुसरी म्हणजे मे महिन्यात एका रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दार बंद ठेवलं तर गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवससुद्धा थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस. आमचा भरलेला होता, पण मुलीने बर्फासाठी तीन-चारदा उघडला. वरच्या दोन पिशव्या मऊ पडल्या, आत बर्फाचे कण होते म्हणून त्याच दिवशी सगळ्याच्या वड्या वाफवून टाकल्या. खालच्या टणक होत्या.

खरा उपयोग पावसाळ्यात झाला. श्रावणात कोबी महाग असतो आणि आणला तरी आत अळ्या, काळी पडलेली पानं. निवडण्यात निम्मा जातो. त्या दिवसांत मी एकदाही कोबी विकत घेतला नाही. पण तुमच्या इमारतीखाली बारा महिने चांगला कोबी मिळत असेल, खाणारी माणसं दोन असतील आणि सगळ्यांना तो कचकचीत आवडत असेल, तर उकळतं पाणी, बर्फ, पंचे हा उटारेटा करू नका. ढीगभर कोबी एकदम हाती आला असेल, किंवा घरात चावायला त्रास होणारं माणूस असेल, तर जरूर करा.

सध्या फ्रीजरमध्ये ४०० ग्रॅमच्या दोन पिशव्या आणि शेवटचा अख्खा गड्डा उरलाय. जानेवारीत तीन-चार गड्डे अख्खे ठेवणार, बाकी सगळा ब्लांच करून, नुसता चिरलेला एकही नाही. मामेभावाला कालच फोन केला. या वर्षी त्याने कोबी अर्ध्याच वावरात लावलाय, उरलेल्यात कांदा. "तुझे गड्डे धरून ठेवतो ताई," म्हणाला. त्याला सांगितलं, या वेळी पैसे घ्यायचे, नाहीतर आणू नकोस.