फ्रेमचे आटे दुरुस्त करून देणारे पुण्यातील एक छोटे वर्कशॉप

फ्रेममधले आटे गेले की सायकलच्या बहुतेक दुकानांत दोनच उत्तरे मिळतात : ‘फ्रेम बदला’, नाहीतर ‘वेल्डिंगचा टाका मारून देतो’. पहिले उत्तर खिशाला परवडत नाही आणि दुसरे मान्य केले, तर बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) आट्यांचा कप फ्रेमला कायमचा चिकटून पुढे बेअरिंग बदलण्याची वाटच बंद होते. पुण्याच्या पूर्वेकडील पेठांत एका लेथवाल्या काकांचे वर्कशॉप आहे. दारावर पाटी नाही, पण आसपासचे सायकलवाले अवघड काम आले की तिकडेच बोट दाखवतात. माझ्या जुन्या क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलच्या) फ्रेमची दुरुस्ती मी तिथे करून घेतली. तिचा अनुभव इथे मांडत आहे.

आधीच्या एका दुकानात बीबीचा उजवा कप नेहमीच्या दिशेने, आणि तोही लांब पान्याच्या जोरावर बसवला गेला होता. इंग्लिश मापाच्या बीबीत उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तो कप घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळायचा असतो. तसे न केल्यामुळे सुरुवातीचे आटे क्रॉस झाले होते आणि कप तिरका अडकून बसला होता.

काकांनी लगेच टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाती घेतला नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. कप काढल्यावर त्यांनी रॉकेल आणि पितळी ब्रशने आतला जुना ग्रीस व गंज साफ केला, टॉर्च धरून आटे पाहिले, पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजण्याचे साधन) लावला आणि त्यानंतर व्हर्निअरने आतला व्यासही मोजला. नुसत्या गेजवर भागत नाही, कारण इंग्लिश आणि इटालियन या दोन्ही मापांत इंचाला 24 आटे असतात. फरक व्यासात आहे : इंग्लिश 1.37 इंच, म्हणजे सुमारे 34.8 मिलिमीटर, तर इटालियन 36 मिलिमीटर. मोजणीनंतर त्यांनी सांगितले, की बाहेरचे तीन-चार आटे बिघडले आहेत, आतले शाबूत आहेत, त्यामुळे नवे माप पाडण्याची गरज नाही.

त्यांच्याकडील टॅपची जोडी एकाच दांड्यावर बसते. एक उलट्या आट्यांचा, दुसरा सरळ आट्यांचा. दोन्ही टॅप दोन्ही बाजूंनी आत येतात आणि एकमेकांना सरळ रेषेत ठेवतात. हातात धरलेला सुटा टॅप जरासा कलला, तरी क्रॉस झालेल्या आट्यांवर आणखी एक तिरका आटा पडतो, म्हणून ही जोडीच या कामाचा प्राण आहे. कटिंग ऑइल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशा बेताने त्यांनी टॅप आत नेला. मध्येच तो पूर्ण बाहेर काढून चुरा पुसला आणि पुन्हा लावला. शेवटी नवे कार्ट्रिज (बेअरिंगसकट बंद असलेली बीबी) बोटांनीच निम्म्याहून अधिक आत गेले, तेव्हा काम झाल्याची खात्री पटली. मजुरी त्या कार्ट्रिजच्या किमतीपेक्षाही कमी झाली.

माझी फ्रेम थांबली असताना तिथे एका जुन्या स्टील फ्रेमच्या मागच्या गिअरच्या हँगरचे (गिअर ज्या कानाला बोल्टने अडकतो त्याचे) काम चालू होते. त्याचे माप 10 मिलिमीटर व्यास आणि 1 मिलिमीटर पिच असे असते. तिथले आटे पार झिजले होते, म्हणून काकांनी भोक मोठे करून लेथवर कॉलरचा बुश (आतून आटे असलेली छोटी नळी) बनवला आणि तो चाकाच्या बाजूने आत बसवला. बोल्ट बाहेरून आवळल्यावर बुश बाहेर ओढला जातो, पण कॉलर त्याला अडवते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला सुटा हँगर असेल, तर मात्र ते काम घेत नाहीत आणि नवा हँगर आणायला सांगतात. चार पैसे मिळत असताना नाही म्हणणारा कारागीर विरळाच.

उणिवा आहेत. बीबीच्या शेलच्या (बीबी बसते त्या फ्रेममधल्या नळीच्या) दोन्ही कडा समांतर कापण्याचे कटर इथे नाही. साध्या कार्ट्रिजला ते फारसे लागत नाही, पण बाहेर बेअरिंग असलेल्या क्रँकसेटसाठी (पेडलचे दांडे आणि दातेरी चक्र यांच्या संचासाठी) त्या कडा समांतर असणे महत्त्वाचे ठरते, आणि असे काम दुसरीकडे न्यावे लागेल. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलमध्ये ते फक्त आटे साफ करून देतात, मोठ्या मापाला हात लावत नाहीत. कार्बनच्या फ्रेमला तर सरळ नकार मिळतो. पावती मिळत नाही, ‘उद्या या’ याचा अर्थ परवा असा धरावा आणि माझ्या शेलच्या कडेचा थोडा रंगही उडाला, जो गंज धरण्याआधी मला घरी भरून घ्यावा लागला.

तिथे जाणाऱ्यांनी क्रँक आणि चेन आधी काढून नुसती फ्रेम न्यावी, कारण खोलण्या-जोडण्याचे काम ते नाखुशीनेच करतात. बिघडलेला जुना कपही सोबत ठेवावा. त्यावरचे आटे बघून त्यांना माप लवकर कळते. कार्ट्रिज घरी बसवणार असाल, तर शिमानोच्या साध्या कार्ट्रिजला 50 ते 70 न्यूटन-मीटर इतका टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो आणि आट्यांना आधी ग्रीस लावावे लागते.