१३ अश्वशक्तीचे इंजिन आणि रंगाखाली दडवलेला आकडा

घरच्या जनरेटरसाठी माझ्याकडे ५ केव्हीए क्षमतेचा, चार पोलचा (चुंबकीय ध्रुवांचा) अल्टरनेटर, म्हणजे फिरवल्यावर वीज तयार करणारे यंत्र, होता. प्रश्न फक्त इंजिनाचा होता. ५० हर्ट्झची वीज हवी असेल तर असा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवावा लागतो, हे मी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत सांगितले. त्याने एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे जुने पेट्रोल इंजिन दाखवले, नामपट्टीवरील १३ या आकड्यावर बोट ठेवले आणि "सरळ कपलिंगने जोडा, ताकद उरून पुरेल" असे ठामपणे सांगितले.

माझा हिशोब असा होता: ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरला तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट, अल्टरनेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर शाफ्टवर ५ किलोवॅट, म्हणजे ७ अश्वशक्तीच्या आतच. १३ हा आकडा त्याच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे मी निश्चिंत झालो.

मात्र अश्वशक्ती हा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि वेग यांचा गुणाकार असतो, आणि ती १३ अश्वशक्ती ३६०० फेऱ्यांवरची होती. या आकाराच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे २५ न्यूटन-मीटर असतो. सरळ जोडल्यावर इंजिनही १५०० फेऱ्यांवरच चालते आणि तिथे त्यातून फार तर ४ किलोवॅट निघतात, म्हणजे सव्वापाच अश्वशक्ती, आणि तीही पूर्ण जोर लावून. अल्टरनेटरमधून हाती येतात जेमतेम ३ किलोवॅट.

चाचणीच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेले होते, त्यामुळे थंड असताना ते किती धूर सोडते आणि किती कष्टाने सुरू होते, हे मला कळलेच नाही. लोड म्हणून चार दिवे लावले होते आणि व्होल्टमीटर २३० दाखवत होता. अल्टरनेटरमधील व्होल्टेज रेग्युलेटर वेग काही प्रमाणात घसरला तरी व्होल्टेज सांभाळून घेतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी (विजेचे हर्ट्झ, जे वेगाबरोबर घसरतात) न मोजता केवळ व्होल्टेज पाहण्याला काही अर्थ नव्हता.

घरी पाण्याचा पंप सुरू केला की इंजिन गुदमरायचे, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. नंतर मीटर लावून पाहिले तर पंप चालू असताना फ्रिक्वेन्सी ४२ हर्ट्झपर्यंत उतरत होती. अशा विजेवर मोटर तापत राहते. तिसऱ्या आठवड्यात पंपाचे वाइंडिंग जळाले. इंजिनही तापत होते, कारण त्याला थंड ठेवणारा पंखा फ्लायव्हीलवरच असतो आणि वेग निम्म्यावर आला की त्याचा वाराही घटतो.

दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने नामपट्टी थिनरने पुसली तेव्हा १३ च्या शेजारी, ताज्या रंगाखाली, ३६०० हा आकडा निघाला. विक्रेत्याचे उत्तर होते की पट्टीवर १३ लिहिलेले आहे आणि ते खरेच आहे. पावतीवर "जुने इंजिन" एवढेच शब्द असल्यामुळे परतफेडीचा प्रश्न तिथेच संपला. वेग ठाऊक असूनही तो लपवण्यात आला, याचा मला आजही संताप येतो.

इंजिन घेणाऱ्यांनी, ते ज्या वेगाने चालवायचे आहे त्या वेगावरील सलग चालण्याची शक्ती लिहून घ्यावी. इंजिन आपल्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करायला लावावे आणि पाण्याचे हीटर जोडून पूर्ण लोडवर किमान अर्धा तास चालवून पाहावे. साध्या यांत्रिक गव्हर्नरवर (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) रिकामे असताना ५२ च्या आसपास असलेली फ्रिक्वेन्सी पूर्ण लोडवर ५० च्या जवळ राहिली, तर ते इंजिन त्या अल्टरनेटरला पेलते.

मी आता इंजिनावर लहान आणि अल्टरनेटरवर दुप्पट व्यासाची पुली बसवून पट्टा लावला आहे, म्हणजे इंजिन ३००० फेऱ्यांवर चालते आणि अल्टरनेटर १५०० वर. हा उपाय विक्रेत्याला पहिल्याच दिवशी सांगता आला असता.