अ‍ॅल्युमिनियमच्या हेडसाठी कोणते कूलंट घ्यावे?

गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधील सील) गेले म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवले की पाण्याच्या भोकांच्या कडेला बऱ्याचदा पांढरा, कणीदार थर दिसतो. तो खरवडल्यावर खाली नख अडकेल असे खड्डे सापडतात आणि ते गॅस्केटच्या बैठकीपर्यंत पोहोचले असतील, तर हेड फेस करून, म्हणजे त्याची बैठक मशीनवर घासून सपाट करून, घ्यावे लागते. हे खड्डे रोखण्याचे काम कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये करतात, ग्लायकॉल (गोठणे आणि उकळणे रोखणारे मूळ द्रव) नव्हे. उलट ग्लायकॉल जुने झाले की त्याचीच आम्ले बनतात. म्हणून निवड गंजरोधकावरून करावी. हिरवा किंवा लाल रंग काहीही सिद्ध करत नाही.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमधील सिलिकेट धातूवर लगेच पातळ थर चढवते आणि तो खरवडला गेला तरी पुन्हा पटकन बसवते, मात्र त्यात ते स्वतः खर्च होत असल्याने साधारण २ वर्षांनी कूलंट बदलावे लागते. सेंद्रिय आम्लांचे, म्हणजे ओएटी कूलंट जिथे गंज धरू लागतो तिथेच मुख्यतः काम करते, त्यामुळे ते बहुधा ५ वर्षे टिकते. पण त्याचे संरक्षण बसायला वेळ लागतो. महाग वाटले, तरी वर्षाचा हिशेब केल्यास ते परवडते. दोन्ही एकमेकांत मिसळल्यास मात्र ही जादा वर्षे हातची जातात.

जपानी उत्पादक सेंद्रिय आम्लांसोबत सहसा फॉस्फेट वापरतात, तर युरोपीय उत्पादकांनी तिथल्या जड पाण्यामुळे ते टाळून सिलिकेटला पसंती दिली, कारण जड पाण्यातील कॅल्शियमशी फॉस्फेटचा साका बनतो. आपल्याकडे बोअरचे पाणी सर्रास ओतले जाते, म्हणून मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या पाण्यातील क्षार एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) आसपास, म्हणजे हेड सर्वाधिक तापते तिथेच साचतात, आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमचा नैसर्गिक ऑक्साइडचा पापुद्रा फोडून खड्डे पाडते.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार माहीत असेल, तर तोच घ्यावा. जुनी गाडी घेतली असून आत काय भरले आहे ठाऊक नसेल, तर सर्व काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पुस्तिकेतील प्रकार नव्याने भरावा. शुद्ध पाण्याची खात्री नसेल तिथे पाणी आधीच मिसळलेले तयार मिश्रणच घ्यावे आणि त्यात पाणी मुळीच घालू नये.