ऑटोमॅटिक क्रिंपिंग मशीनच्या नावाखाली माझे 2,18,300 रुपये गेले

कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम मी 14 वर्षं करतोय. वायर सोलायची, तिच्या टोकाला धातूची टोपी म्हणजे लग दाबून बसवायचा (हेच क्रिंपिंग), सगळं हाताने. रॅचेटचं क्रिंपिंग टूल पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, म्हणून दाब एकसारखा बसतो. पण संध्याकाळपर्यंत पोरांची मनगटं भरून येतात. यंदा ऑर्डर मोठी, मुदत कमी. मशीन घेतली ती हौस म्हणून नाही.

व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याने मशीन चालवून दाखवली. वायरी धडाधड पडत होत्या. मी म्हणालो, "एक लग ओढून दाखवा." तो म्हणाला, "साहेब, लगचं रील संपलं, दुसरं लावावं लागेल." अरे, खाली ट्रेमध्ये तयार वायरींचा ढीग पडला होता! त्यातलीच एक उचलून ओढायला रील कशाला लागतं? मला ढीग दिसत होता आणि मी गप्प बसलो. खंडेनवमीच्या पूजेला मशीन दारात हवी होती. अजून झोप लागत नाही.

डोळे झाकून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला होता, चालू होता. पण तो दुसऱ्याच फर्मचा. नावाचा पहिला शब्द तेवढा सारखा. नाव, पत्ता आणि बँक खातं, तिन्ही जुळवा. माझे आधी 50,000 आणि मग 1,68,300 एका माणसाच्या बचत खात्यात गेले. ट्रान्सपोर्टचे 4,200 वेगळेच.

मशीन आली. स्टिकरचा कोपरा उचलला तर खाली जुना हिरवा रंग. 1.5 स्क्वेअर मिमीची फ्लेक्झिबल वायर टाकली. मी वापरतो त्या वायरीत 30 बारीक तारा असतात. मोजल्या तर 22. आठ ब्लेडनेच कापल्या होत्या. लग तांब्यावर न बसता इन्सुलेशनवर बसलेला, दोन बोटांनी ओढला आणि निघून आला. असा जोड पॅनलमध्ये गेला तर तापून जळू शकतो. मशीन कुणाचीही असो, आपली वायर, आपले लग घेऊन समोर उभं राहून चालवून बघा.

चौकीत म्हणाले, "मशीन मिळाली ना? मग दिवाणी दावा टाका." जुनी मशीन रंगवून नवी म्हणून विकणं ही फसवणूक नाही? न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? तीन हेलपाटे, प्रत्येक वेळी साहेब बंदोबस्ताला. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी अकराव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. संशय आला त्याच तासाला करा. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर कागद न वाचताच "व्यावसायिक खरेदी" म्हणून परत पाठवलं. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे हे मीच त्यांना सांगायचं का? शेवटी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पोस्टाने तक्रार पाठवली. पोच आली, उत्तर नाही.

स्टिकरखाली हिरवा रंग असलेली मशीन आणखी कुणाच्या गळ्यात मारली असेल तर बिल आणि कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, मला कळवा. एकत्र जाऊ.