ग्राफ कुठे ठेवावा: एसथ्रीत की डायनॅमोडीबीत?

एसथ्री आणि डायनॅमोडीबी या दोन्ही ॲमेझॉनच्या क्लाउड सेवा: पहिली फाइली साठवते, दुसरी डेटाबेस आहे. ग्राफ म्हणजे नोड (उदा. माणसं) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा (उदा. मैत्री). डायनॅमोडीबीत नोडचा आयडी पार्टिशन की (नोंदींचा गट ठरवणारी किल्ली) आणि ‘मित्र#४२’ अशी कड सॉर्ट की (गटातला क्रम ठरवणारी किल्ली) केली, की साध्या क्वेरीने शेजारी हाती येतात. नवी कड म्हणजे फक्त एक नवा आयटम, म्हणजे एक नोंद. एसथ्रीत तसं नाही. तिथे ऑब्जेक्टचा (साठवलेल्या फाइलचा) मधलाच तुकडा बदलता येत नाही, त्यामुळे एका कडेसाठी शेजाऱ्यांची अख्खी यादी पुन्हा लिहावी लागते. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर एकाचं काम पुसलं जायचं. २०२४ मध्ये अट घालून (‘मधल्या काळात ऑब्जेक्ट बदललं नसेल तरच’) लिहिण्याची सोय आली, तेव्हापासून ते टाळता येतं.

फोटो, पीडीएफ मात्र एसथ्रीतच ठेवा, कारण डायनॅमोडीबीत आयटमला ४०० केबीची मर्यादा आहे. सतत बदलणाऱ्या ग्राफसाठी मी डोळे झाकून डायनॅमोडीबी घेईन.