मुक्त फॉन्ट: फायनल इयरचा अख्खा प्रोजेक्ट यावर केला, त्याचा रिव्ह्यू

मराठी मजकुरावर काम करायचं असेल आणि फॉन्ट विकत घ्यायला पैसे नसतील तर मुक्त (Mukta) नावाचा फॉन्ट पहिला डाउनलोड करा, बाकीचे नंतर बघू. मी पुण्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिस्प्ले, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या कामांचं प्रदर्शन, तोंडावर आलाय, एकीकडे नोकरीच्या मुलाखती चालू आहेत आणि या सगळ्यात वर्षभर रोज ज्याच्याबरोबर बसले असा हा एकच फॉन्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्युनियर मुलामुलींना उपयोग व्हावा हीच इच्छा.

आधी माहिती. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेने हा बनवलाय, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचं काम. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. वेट, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार, सात, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं एकाच फाइलमध्ये येतात, शिवाय याच कुटुंबात गुजरातीसाठी मुक्त वाणी, तमिळसाठी मुक्त मलर आणि गुरुमुखीसाठी मुक्त माही आहे. रेषेची जाडी जवळजवळ सगळीकडे सारखी, बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक होत नाही, तरीही अक्षर पट्टीने आखल्यासारखं कडक वाटत नाही. हे जमवणं किती अवघड असतं ते स्वतः एकदा देवनागरी अक्षरं काढायला बसलं की कळतं, आम्हाला तिसऱ्या वर्षाला लेटरिंगच्या असाइनमेंटला चांगलंच कळलं.

माझा प्रोजेक्ट एसटी स्टँडच्या वेळापत्रकाच्या फलकांचा आहे. एसटीची पहिली बस १९४८ मध्ये पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती माणसांनी मान वर करून ते फलक वाचले असतील, त्यामुळे विषय मला मनापासून आवडला. आणि फॉन्टची परीक्षा घ्यायला गावांच्या नावांसारखी दुसरी गोष्ट नाही. कऱ्हाड टाइप करून बघा, बऱ्याच फुकट फॉन्टमध्ये तो ऱ्ह नीट बसत नाही, एकतर र चा पाय मोडून खाली लोंबतो नाहीतर रफार होऊन वर जातो. त्र्यंबकेश्वर टाका, त्र्यं मध्ये किती गर्दी होते बघा. अक्कलकोट, श्रीगोंदा, सिद्धटेक, लोणावळा, औंढा नागनाथ. मुक्तमध्ये हे सगळं नीट वाचता येतं आणि जोडाक्षर आलं म्हणून ओळीतच काळा डाग पडल्यासारखं दिसत नाही.

दुसरी गोष्ट लांबून वाचण्याची. भोर आणि मोरगाव, घोडेगाव आणि धायरी, यात भ-म आणि घ-ध लांबून एकमेकांसारखे दिसायला लागतात, त्यात वय झालेल्या माणसांना जास्तच. मी प्रिंट काढून कॉलेजच्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला लावले आणि मावशी, शिपाईकाका, ऑफिसमधले सर यांना वाचायला लावले, तर सेमीबोल्डमध्ये गावाचं नाव सगळ्यांनी न अडखळता वाचलं. अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागा ऐसपैस ठेवल्यात त्याचा हा परिणाम आहे असं मला वाटतं. गावाचं नाव सेमीबोल्ड, मधल्या थांब्यांची नावं लाइट, वेळ मीडियममध्ये, एवढ्या तीन वेटवर अख्खा फलक उभा राहिला, दुसरा फॉन्ट लागलाच नाही. एकाच फॉन्टमध्ये महत्त्वाचं आणि कमी महत्त्वाचं असं स्पष्ट वेगळं दाखवता येणं मराठीत सहज मिळत नाही, कारण बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये रेग्युलर आणि बोल्ड एवढंच असतं.

इथे एक महत्त्वाचं. कुणी म्हणत असेल की मुक्तमध्ये वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरं तुटतात, तर तो दोष फॉन्टचा नाही. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू करायचे आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर (अक्षरं जोडून ओळी लावणारी सेटिंग) निवडायचा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर. चार वर्षांच्या कोर्समध्ये हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण वेलांटी तुटलेली दिसली की मुलं घाबरून पोस्टर इंग्रजीत करून टाकतात आणि मग पोर्टफोलिओत मराठीचं एक पान नसतं. मराठी बोलणारी, मराठीत विचार करणारी मुलं, आणि पोर्टफोलिओ सगळा इंग्रजी. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता मुलाखतींचं, कारण फॉन्टचा खरा उपयोग मला तिथे कळला. एका एजन्सीत गेले होते, नाव नको, तिथे मला सांगितलं की कॅम्पेन इंग्रजीत बनतं आणि मराठी म्हणजे शेवटी करायचा लँग्वेज ॲडॅप्ट, तो ज्युनियर करतात. म्हणजे इंग्रजी लेआउट तयार, त्यात इंग्रजी मजकुराच्या जागी मराठी कोंबायचा, मात्रा वरच्या ओळीला चिकटतात आणि उकार खालच्या फोटोवर जातात तरी चालतं, संध्याकाळपर्यंत दहा साइझमध्ये पाठवा. पगारापेक्षा मला हे जास्त लागलं. दुसरीकडे एका छोट्या स्टुडिओत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी माझा फलक उघडून थेट कऱ्हाडवर झूम केलं, मग विचारलं, ओळींमधलं अंतर एवढं का ठेवलंस, मराठीला किती लागतं, इंग्रजी नावं शेजारी आल्यावर साइझ कसा जुळवलास. मुक्तमध्ये देवनागरी आणि इंग्रजी शेजारी ठेवल्यावर एकमेकांना दाबत नाहीत, साइझ फार कमीजास्त करावा लागला नाही, हे मी त्यांना दाखवलं. अर्धा तास फक्त अक्षरांवर बोललो. अजून उत्तर आलेलं नाही, पण मला कुठलं काम करायचंय ते त्या दिवशी पक्कं झालं.

लायसन्सबद्दलही त्याच मुलाखतीत विचारलं. आपल्याकडे पेनड्राइव्हवर फॉन्टचे फोल्डर फिरतात, कुठून आले कुणाला माहीत नाही, सीनियरने ज्युनियरला दिले आणि चाललं. कॉलेजात खपतं पण क्लायंटच्या पॅकेजिंगवर असा फॉन्ट गेला तर अडचण होऊ शकते. मुक्तला ओपन फॉन्ट लायसन्स आहे, म्हणजे कमर्शियल कामात बिनधास्त वापरा, वेबसाइटवर टाका, लागलं तर बदलासुद्धा, नुसता फॉन्ट मात्र सुटा विकता येत नाही. फ्रीलान्स करणाऱ्या विद्यार्थ्याला याचा फार मोठा आधार आहे. शिवाय युनिकोड असल्यामुळे मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला तरी मराठीच राहतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर क्लायंटकडून आला की कन्व्हर्ट करताना र च्या खुणा आणि अर्धी अक्षरं हमखास बिघडतात आणि परत सगळं प्रूफ वाचत बसावं लागतं, ते यात नाही.

आता कमी काय. इटॅलिक, म्हणजे तिरकं अक्षर, नाही. डिफॉल्ट लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, बरीच मोठी आहे, मात्रा आणि उकारांसाठी ती लागते हे मान्य, पण ॲपच्या बटणात मजकूर मध्यभागी आणायला हाताने ॲडजस्ट करावं लागतं. एक्स्ट्रालाइट छोट्या साइझला प्रिंटमध्ये वापरू नका, फ्लेक्सवर तर अजिबातच नको. एक्स्ट्राबोल्डमध्ये छोट्या साइझला द्ध, ष्ठ असली अक्षरं भरल्यासारखी होतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा शांत फॉन्ट आहे, नाटकाच्या पोस्टरला किंवा मिसळीच्या हॉटेलच्या लोगोला घेतलात तर काहीच घडणार नाही. तिथे कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांना जशी हाताने अक्षरं दिली तसं काहीतरी स्वतः काढा, किंवा निदान एक टाइपचाच बालू घ्या, तो गुबगुबीत आणि मोठ्याने बोलणारा आहे. पुस्तकाच्या सलग मजकुराला टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात मराठी वळणाची अक्षरं मुद्दाम दिलीत, फक्त वेट एकच मिळतं. कुठलाही फॉन्ट घेतलात तरी ल आणि श मराठी पद्धतीचे येतायत ना ते आधी तपासा, शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय आणि सरकारी काम असेल तर ते बघितलं जातं.

मला टाइप डिझाइनकडे जायचंय. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं की अक्षरं तर आधीच आहेत ना, मग नवीन कशाला, तर त्यांना मी फोनवर बातमी उघडून वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दाखवली आणि चष्मा न लावता कुठली वाचता येते ते विचारलं, आता ते स्वतःच दुकानांच्या पाट्यांचे फोटो पाठवतात. डिस्प्ले झाला की सीईईडी या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू, आयडीसीला (आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल) मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर एखाद्या टाइप स्टुडिओत इंटर्नशिप, स्टायपेंड कमी असला तरी चालेल, पुण्यात मावशीकडे राहायची सोय आहे आणि मुंबईला मैत्रिणींबरोबर रूम बघतेय. सोशल मीडियाच्या पोस्ट बनवायची नोकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तीच मिळतेय आणि घर चालतं. पण मराठी मजकूर जिथे पहिल्यापासून मराठीत मांडला जातो अशी जागा मी शोधतेय.

पाच पैकी साडेचार. अर्धा इटॅलिकचा कापला. फिगमा या ऑनलाइन डिझाइन टूलमध्ये आधीपासून असतो, इलस्ट्रेटरसाठी मात्र गूगल फॉन्ट्सवरून पूर्ण फॅमिली उतरवून घ्या, आणि प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर फॉन्टचं आणि बनवणाऱ्यांचं नाव द्या, मी माझ्या फलकाच्या खालच्या कोपऱ्यात दिलंय.